कोकण की विशाखापट्टणम? समुद्रावर निघालेल्या नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी तोंडावर आली की, आणि मग पुन्हा मार्चमध्ये पोरांचं परीक्षेचं वेळापत्रक लागलं की, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मला कुणी ना कुणी अडवतं. "तुम्ही दोन्हीकडे जाऊन आल्या ना, मग सांगा, कुठं जावं?" फुटाळा तलावाच्या काठावर भुट्टा खात वाढलेल्या माणसांना समुद्राचं अप्रूप असणारच, मलाही आहे. पण तेच ते उत्तर किती वेळा द्यायचं, म्हणून एकदाचं लिहून टाकते. इथं कोकण म्हणजे रायगड ते सिंधुदुर्ग, आणि पूर्व किनारा म्हणजे मुख्यतः विशाखापट्टणम, पुढे ओडिशातलं गोपाळपूर आणि पुरी. गोवा यात नाही. गोव्याला जाणारे सल्ला विचारत नाहीत.

आपल्याला जवळचा समुद्र कोणता?

बंगालचा उपसागर. हे ऐकून निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघतात, कारण आपला महाराष्ट्र म्हणजे आपला समुद्रही महाराष्ट्राचाच, असं डोक्यात बसलेलं असतं. नकाशावर पट्टी ठेवून बघा. नागपूरहून विशाखापट्टणम सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आत येतं. मालवण आठशेच्या वर जातं. देशाचा मध्य मानल्या जाणाऱ्या झिरो माइलजवळ राहून समुद्र लांब असल्याची तक्रार करायची, तर ती निदान दोन्ही बाजूंनी मोजून करावी.

जायला किती वेळ लागतो? चार दिवसांची सुट्टी पुरेल का?

विशाखापट्टणमला पुरेल, कोकणाला नाही. माझं मत इतकं साधं आहे.

विशाखापट्टणमला समता एक्सप्रेस नागपूरवरून गोंदिया, रायपूर, टिटलागढ, रायगडा करत जाते. एक रात्र आणि वर अर्धा दिवस धरा. रायगड्यानंतर पूर्व घाटाच्या डोंगरांतून गाडी जाते तेव्हा खिडकी सोडू नका. ती रोज नसते, म्हणून आधी वार बघा आणि मगच रजा टाका. पुरीसाठी पुरी-अहमदाबाद गाडी नागपूरवरून जाते, पण तिकडचा प्रवास आणखी लांब.

कोकणात जायचं तर आधी कोकणातलं कुठं, ते ठरवावं लागतं. अलिबाग, काशीद, दिवेआगर यांसाठी समृद्धी महामार्ग वरदान आहे. ५ जून २०२५ ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर खुले झाले. पण समृद्धीवर वाचवलेला वेळ पुढे मुंबई-गोवा महामार्गावर परत द्यावा लागतो, ज्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. मालवण-वेंगुर्ल्यासाठी आम्ही वर्धा, यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असे जातो आणि मग घाट उतरतो. साडेनऊशे ते हजार किलोमीटर होतात, कोल्हापूरला मुक्काम करावाच लागतो. तोही वाया जात नाही, तांबडा-पांढरा होतो. नागपूर-मडगाव गाडीही आहे, कुडाळला उतरता येतं, पण ती आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते. थोडक्यात, सहा-सात दिवस हातात नसतील तर सिंधुदुर्गाचं नाव काढू नका. सगळी सुट्टी गाडीतच जाते आणि पाण्याजवळ दीड दिवस मिळतो.

पोट्टे पाण्यात उतरणारच. कुठं कमी भीती?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, तो पहिला विचारायला हवा. माझं उत्तर: पूर्वेचा समुद्र बघायला, पश्चिमेचा उतरायला. तेही पावसाळा सोडून.

कोकणचे बहुतेक किनारे दोन डोंगरांच्या मध्ये खोबणीत बसल्यासारखे आहेत. दोन्ही बाजूंना खडकाचं टोक, मध्ये वाळूचा अर्धचंद्र. गुहागर आणि तारकर्लीसारखे काही लांबलचक सरळ किनारे आहेत, पण वळणाचे जास्त. नोव्हेंबर ते एप्रिल लाट साधारण नरम असते आणि उतार हळूहळू खोल जातो. गुडघाभर पाण्यात पन्नास पावलं चालता येतं. पूर्वेला किनारा सरळ आणि उघडा आहे. पुरीला वाळू पाण्याजवळ एकदम उतरते आणि लाट अगदी काठावर येऊन उलथते. तिथं लाटेने माणूस आत जाण्याआधी आधी आपटतो. म्हणूनच पुरीला नुलिया असतात, टोकदार वेताच्या टोप्या घालणारे तेलुगू कोळी. त्यांचा हात धरून लोक आंघोळ करतात. पैसे द्यावे लागतात, घासाघीस करू नका.

विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर, म्हणजे रामकृष्ण बीचवर, वेगळाच धोका आहे. काठावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत परत जातं. ही ओढ वरून दिसत नाही, उलट त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात म्हणून जागा शांत वाटते आणि माणसं नेमकी तिथंच उतरतात. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याचा हट्ट करायचा नाही, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचं आणि मग काठाकडे. पोहता येत नसेल तर हात वर करून तरंगत राहायचं. अंबाझरीच्या टँकवर पोहायला शिकलेल्या माझ्या भाच्याला वाटायचं, आपल्याला येतं. टँकला ओढ नसते. त्याला आर. के. बीचवर मी घोट्याच्या वर जाऊ दिलं नाही, तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

त्या शहरात उतरायचंच असेल तर ऋषिकोंडा बरं, तिथं जीवरक्षक असतात. यारडा तीन बाजूंनी डोंगर असलेला देखणा किनारा आहे, पण देखणा म्हणजे सुरक्षित असं समजू नका.

आणि कोकण अगदी निर्धोक, असंही नाही. खाडीच्या तोंडाशी कधीच उतरू नये. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते ती जागा फोटोसाठी छान, आंघोळीसाठी नाही. ओहोटीला सगळी खाडी त्या तोंडातून बाहेर रिकामी होत असते. गावातल्या माणसाला विचारा, "इथं उतरू का?" तो नाही म्हणाला तर नाही.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

मोबाइलवर कळते. पण कोकणात आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी सांगितलेला हिशोब मला जास्त आवडतो. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी आहे? चार गुणिले तीन, भागिले चार, तीन वाजता भरती. दुपारी तीनला आणि पहाटे तीनलाही. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, पण घरात कॅलेंडर असलं की काम भागतं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेच गणित यात लपलंय.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. मुंबई-अलिबागकडे उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो, आणि वेळ चुकली तर परत यायला होडी लागते. विशाखापट्टणमला हाच फरक दीड मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथं भरती-ओहोटी फारशी जाणवतच नाही. अपवाद ओडिशाच्या उत्तरेकडचं चांदीपूर. तळ इतका सपाट की ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे जातो आणि आपण चिखलात खेकडे बघत उभे राहतो.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी दोन्हीकडे डोळे मिटून. आता आपल्या सुट्ट्या त्या महिन्यांत नसतात, म्हणून पुढचं.

दिवाळी: कोकण. ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागराचा भरवसा नाही. फायलिन १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ धडकलं, हुदहुद बरोबर वर्षाने १२ ऑक्टोबर २०१४ ला थेट विशाखापट्टणमवर, तितली ११ ऑक्टोबर २०१८ ला श्रीकाकुलमकडे. ओडिशाचं महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ चं. दरवर्षी येतंच असं नाही, पण तिकीट काढलंत तर निघायच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याकडे लक्ष ठेवा. कोकणात तेव्हा पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे आणि भात कापणीला आलेलं असतं.

उन्हाळी सुट्टी: मे संपेपर्यंत कोकण. पूर्वेला मे महिन्यातही वादळं येतात, फनी ३ मे २०१९ ला पुरीवर आलं. पश्चिमेकडेही निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडात आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा झोपवून गेलं, पण ते तुलनेने क्वचित.

जून ते ऑगस्ट: समुद्र बघायला कोकण अप्रतिम, पाण्यात पाऊल नाही. आम्ही एकदा जूनच्या मध्याला मालवणला पोचलो. बुकिंग घेणाऱ्याने फोनवर "सगळं चालू आहे" सांगितलं होतं. चालू होता तो फक्त पाऊस. किल्ल्याची होडी बंद, जलक्रीडा बंद. त्या साधारण मेअखेर ते ऑगस्टअखेर बंदच असतात, हे तेव्हा माहीत नव्हतं.

मे महिन्यात समुद्रावर थंड असेल ना?

नाही हो. पारा कमी असतो, एवढंच. नागपूरला ४५ अंश, तिकडे ३३ ते ३५, म्हणून लोक आनंदाने निघतात आणि दुसऱ्या दिवशी चिडचिडे होतात. आपली उष्णता कोरडी. घाम आला की उडतो, कूलरला वाळा लावला की खोली गार. समुद्रकाठच्या हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम उडायला जागाच नाही, आणि कूलर तर तिथं निरुपयोगी, तो खोली आणखी दमट करतो. एसी असलेली खोली घ्या, नाहीतर पहाटे आणि संध्याकाळी बाहेर, दुपारी पंख्याखाली. सुती कपडे दुप्पट न्या, दोरीवर वाळत नाहीत.

वाळू आणि पाणी कुठं जास्त छान?

हे डोळ्यांवर आहे. तारकर्ली-भोगवे-निवतीकडे वाळू फिकट आणि हिवाळ्यात पाणी नितळ. रत्नागिरीच्या आसपास वाळूत इल्मेनाइट हे काळं जड खनिज आहे, त्यामुळे ती काळसर दिसते. रायगडात पाणी बहुतेक गढूळच, त्यात निराश होण्यासारखं काही नाही, खाड्यांचा गाळ आहे तो.

पूर्वेला भिमुनिपट्टणम, ज्याला सगळे भीमिली म्हणतात, तिकडे जाताना रस्त्याकडेला लाल वाळूच्या टेकड्या लागतात, एर्रमट्टी दिब्बलु. पावसाने कोरलेल्या लाल घळी आणि मागे निळा समुद्र. आर. के. बीच ते भीमिली हा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा तीसेक किलोमीटरचा रस्ता मला त्या शहरातल्या कुठल्याही एका बीचपेक्षा जास्त आवडतो. कोकणात असा सलग रस्ता फार कमी, प्रत्येक खाडीला वळसा किंवा फेरीबोट. आरे-वारेचा चढ मात्र विसरता येत नाही, वळण संपतं आणि खाली एकदम दोन किनारे दिसतात.

सूर्योदय की सूर्यास्त?

पूर्वेला सूर्य समुद्रातून उगवतो, कोकणात समुद्रात बुडतो. उठायचा कंटाळा असेल तर कोकण.

जेवणाचं काय? आम्हाला तिखट लागतं.

सावजीवर वाढलेल्यांना आंध्र परकं वाटत नाही. विशाखापट्टणमला चेपल पुलुसू मागवा, चिंचेच्या आंबट-तिखट रश्श्यातला मासा. सुरमईला तिथं वंजरम म्हणतात. बीचवर मुरमुऱ्यांचं मुरी मिक्चर मिळतं, आपल्या भेळेची चुलत बहीण. कोकणात आंबटपणा कोकमाचा, बांगड्यात तिरफळ, वर ओलं खोबरं. पहिल्या घासाला आमच्या यजमानांनी "हे गोडच आहे" म्हणून तोंड वाकडं केलं होतं, चौथ्या दिवशी सोलकढीची तिसरी वाटी मागत होते.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मासेमारीची बंदी दोन्ही किनाऱ्यांवर वेगवेगळ्या वेळी असते. यांत्रिक बोटींसाठी पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, पश्चिमेला १ जून ते ३१ जुलै. म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत विशाखापट्टणमला ताजी मोठी मासळी कमी आणि महाग, आणि त्याच वेळी मालवणच्या लिलावात टोपल्या भरलेल्या. मे महिन्यात खाण्यासाठी जात असाल तर उत्तर उघड आहे.

शाकाहारींनी काळजी करू नये. कोकणातल्या घरगुती खाणावळीत आंबोळ्या, घावन, उकडीचे मोदक. पुरीला जगन्नाथाच्या आनंदबाजारात महाप्रसाद, कांदा-लसणाशिवाय, मातीच्या भांड्यातला, आणि मला तरी तो कुठल्याही हॉटेलपेक्षा सरस वाटला.

सासूबाई सोबत आहेत, गुडघे दुखतात. कुठं नेऊ?

विशाखापट्टणम. बीच रोडवर सपाट फुटपाथ, बसायला बाकं, रिक्षा समोर. कुरसुरा पाणबुडीचं संग्रहालय त्याच रस्त्यावर आहे, पण आत वाकून आणि चढून जावं लागतं, त्यांना बाहेर बसवा. कोकणात बरीच चांगली घरं वाडीच्या आत असतात, जांभ्याच्या पायऱ्या उतराव्या लागतात. गणपतीपुळे त्यातल्या त्यात सोपं, देऊळ आणि समुद्र शेजारी शेजारी.

देवदर्शन आणि समुद्र एकत्र हवं. पुरीच ना?

पुरीसारखं दुसरं नाही, पण तयारीने जा. स्वर्गद्वारच्या बाजूचा किनारा सदा गजबजलेला, तिथंच स्मशानही आहे. मुलं विचारतील, उत्तर तयार ठेवा. थोडं पुढे वाळू मोकळी मिळते. पुरीचा गोल्डन बीच आणि ऋषिकोंडा हे दोन्ही २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालेल्या देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांत होते. तेवढ्या आखलेल्या पट्ट्यात स्वच्छता, कपडे बदलायला खोल्या, जीवरक्षक असं सगळं असतं. त्या पट्ट्याबाहेर आपलं आपण.

आणि नागपूरकराने पुरीला गेल्यावर जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ थांबून बघावा. १७५१ ते १८०३ ओडिशा आपल्या भोसल्यांच्या ताब्यात होता, आणि कोणार्कच्या सूर्यमंदिरापुढचा हा खांब त्याच मराठा काळात पुरीला आणून उभा केला गेला. नागपूरच्या महाल भागात भोसल्यांच्या वाड्यावरून रोज जाणारे आपण, ही गोष्ट मला तिकडच्या पंड्याने सांगावी याची जरा लाज वाटली. कोणार्क तिथून तासाभरावर आहे, वाटेत चंद्रभागेचा किनारा.

स्कूबा, स्नॉर्केलिंग कुठं?

मालवण-तारकर्ली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आणि थोडी प्रवाळं आहेत. डिसेंबर-जानेवारीत पाणी जास्त नितळ. जॅकेट बांधल्याशिवाय होडीत बसू नका, "दोन मिनिटांचंच अंतर आहे ताई" म्हणणाऱ्याच्या तर नाहीच.

कासवं बघायची आहेत.

मग ठरवा, पिल्लं बघायची की आया. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात जपतात आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात सोडतात. पिल्लं निघतीलच असं नाही, एक मुक्काम ठेवा. ओडिशात ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी त्याच सुमारास लाखांनी माद्या अंडी घालायला येतात, पण तारीख त्यांची त्या ठरवतात, आणि एखाद्या वर्षी येतही नाहीत. कोकणात गावात घरगुती जेवण आणि चटई, तिकडे रात्री वाळूत जागरण. मुलांना वेळास न्या.

भाषेची अडचण?

विशाखापट्टणमला हिंदी बऱ्यापैकी चालते, पुरीला तर उत्तमच. कोकणात मराठी असूनही आमची गंमत होते. "काऊन बा" म्हटलं की समोरचा हसतो, आणि त्याचं मालवणी सुरू झालं की आपण.

गाडी थेट वाळूवर नेली तर?

नेऊ नका. ओहोटीला वाळू डांबरासारखी घट्ट वाटते. आमच्या ओळखीच्या एकाने नवी कोरी गाडी हर्णैच्या पुढे पाण्यापर्यंत नेली, फोटो काढले, वडापाव खाल्ला, तोवर चाकं रुतली आणि भरती सुरू झाली. कोळ्यांनी दोर लावून ट्रॅक्टरने ओढली. इंजिन वाचलं, सीटखालून मीठ अजून निघतंय.

परत येताना काय आणावं?

कोकणातून कोकम, काजू, फणसपोळी, मेमध्ये हापूस. विशाखापट्टणमहून अराकूची कॉफी आणि एटिकोप्पाकाची लाखेची लाकडी खेळणी. पुरीहून खाजा, जो नागपूरपर्यंत पोचता पोचता अर्धा संपतो. प्रवाळ, समुद्रपंखे आणि काही मोठे शंख वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, दुकानदार काहीही म्हणो, घेऊ नका.

सुकी मासळी जरूर आणा, पण तीन पिशव्यांत बांधून, वर डबा, डब्याला टेप. मी एकदा फक्त दोन पिशव्यांत बांधली होती. एसी डब्यात रायपूरपर्यंत कुणी काही बोललं नाही. गोंदियाला समोरच्या काकूंनी शांतपणे विचारलं, "बोंबील का हो?"